गाद्या झोडणारी हॉकी

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. थांबा, मित्रांनो! "कुठंय हॉकी? ही तर साधी काठी!" असं लगेच म्हणू नका. मला राग येतो. तसा मला सगळ्याचाच राग येतो, पण ह्या वाक्याचा जास्त.

जळकोटला, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला, खाजाभाई पिंजाऱ्याचं दोन खणांचं घर आहे. त्या घरात दाराच्या मागं खिळ्याला मी टांगलेली असते. गादीत नाहीतर रजईत कापूस भरून झाला, की तो सगळीकडं सारखा बसावा म्हणून वरून काठीनं झोडावा लागतो. ती काठी मी. थप्, थप्, थप्. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाद्या. जिनं गुलबर्ग्याच्या मैदानावर चार-चार गडी चुकवून गोल मारले, तिनं आता गाद्या झोडायच्या! कपाळ माझं, म्हणावं तर कपाळही राहिलेलं नाही. ते कसं गेलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म तिकडं पंजाबात झाला. कारागिरानं तुतीचं लाकूड वाफेवर मऊ केलं, त्याला खाली छान वळण दिलं, वर वेताचा दांडा बसवला आणि दांड्यावर घट्ट दोरा गुंडाळला. वळणाची एक बाजू सपाट आणि दुसरी गोल. तिथून मी आगगाडीनं हैदराबादला आले आणि हैदराबादहून मोटारीनं धाराशिवला. सरकारी कागदात गावाचं नाव उस्मानाबाद होतं, पण बाजारात सगळे धाराशिवच म्हणायचे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिथं एका सरकारी खात्याचा हॉकीचा संघ होता. खात्याचं नाव सांगत नाही; चहाड्या करायची मला सवय नाही. त्यांच्या कोठारात मला नेलं आणि तापल्या लोखंडानं माझ्या सपाट बाजूवर शिक्का उठवला. उर्दू अक्षरं होती, चांगली खोल. चर्र आवाज झाला आणि जळका वास सुटला. तरी मी मनात म्हटलं, चला, आपल्याला मोठी नोकरी लागली! त्याच शिक्क्यानं पुढं माझा घात केला.

आता खाजाभाईचं ऐका. तो खेळाडू म्हणून धाराशिवला आलाच नव्हता. संघाचे कप्तान आयुबमियाँ मैदानाला लागूनच राहायचे. त्यांच्या अंगणात तो गाद्यांचा कापूस पिंजायला आला होता. तुम्ही पिंजारी पाहिलाय का? त्याच्याकडं मोठ्या धनुष्यासारखं पिंजण असतं. ते डाव्या हातात धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी मुठीनं त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, ठोके द्यायचे. सगळं काम मनगटाचं. ठोका जोरात बसला तर तात तुटते, हलका बसला तर कापूस फुलत नाही. खाजाभाई सात वर्षांचा असल्यापासून हेच करत आला होता.

तर त्या दिवशी मैदानातून एक चेंडू सुसाट सुटला आणि फाटकातून थेट अंगणात आला. खाजाभाईनं मानसुद्धा वर केली नाही. हातातली लाकडी मूठ तेवढी जमिनीला टेकवली. चेंडू जागच्या जागी थांबला. मग त्यानं मनगट जरासं वळवलं आणि चेंडू आल्या वाटेनं परत गेला. चेंडू आणायला आलेले आयुबमियाँ फाटकातच उभे राहिले. मी त्यांच्या हातात होते, म्हणून हे सगळं मी पाहिलेलं आहे.

"नाव काय रे तुझं?" त्यांनी विचारलं.

"खाजा. जळकोटचा हाय जी."

"हॉकी खेळलास का कधी?"

"न्हाय जी. गाद्या संपल्यावर खेळू का?"

"आग लागो त्या गाद्यांना," आयुबमियाँ म्हणाले आणि त्यांनी मला त्याच्या हातात दिलं.

त्या हाताचं काय सांगू! कापसानं मऊ झालेला आणि ठोक्यांनी टणक झालेला तो तळवा माझ्या दांड्याला लागला आणि मला कळलं, आपलं माणूस सापडलं. महिन्याभरात खाजाभाई खात्यात लागला. कागदावर शिपाई, पण काम हॉकीचं. दिवस उजाडताना सराव, ऊन उतरल्यावर पुन्हा सराव, आणि त्याचाच पगार. जळकोटातल्या लोकांना हे खरंच वाटेना. "खेळायचा पगार? मग जेवायचा बी देतेत का?" असं ते विचारायचे.

तीन हंगाम आम्ही खेळलो. गुलबर्गा, बीदर, हैदराबाद. खाजाभाई अनवाणी खेळायचा. मैदानात उतरताना मला कपाळाला लावायचा आणि बिस्मिल्ला म्हणायचा. मग मला कुणी अडवू शकत नसे. चेंडू माझ्या वळणाला असा चिकटून चालायचा, जणू पाळलेलं कोकरू. दर शुक्रवारी नमाजहून आला, की तो मला मांडीवर घेऊन जवसाचं तेल चोळायचा. तेल लावलेलं लाकूड तडकत नाही, मित्रांनो. त्याच्या बायकोनं, फातिमाबीनं, जुन्या ओढणीची पिशवी शिवली होती, तीत मला ठेवायचा. फातिमाबी मात्र मैदानावर कधी आली नाही. तिथं बाया जात नसत. तिला एवढंच ठाऊक होतं, की नवरा धुळीनं माखून येतो आणि दोन भाकरी जास्त खातो.

आमचा सर्वांत मोठा चाहता होता शिवप्पा. हा जळकोटचाच, लिंगायत, तेला-गुळाचा दुकानदार आणि खाजाभाईचा लहानपणापासूनचा सोबती. गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल आणि आवाज असा, की जळकोटात हाक मारली तर नळदुर्गच्या किल्ल्यात कबुतरं उडावीत. जवसाचं तेल त्याच्याच दुकानाचं. प्रत्येक सामन्याला तो भाकरी बांधून हजर. खाजाभाईकडं चेंडू आला, की अर्धं मराठीत आणि अर्धं कानडीत ओरडायचा. त्या ओरडण्याची मला तेव्हा मोठी मजा वाटे. कशाची मजा आणि कशाचं काय!

निजामाच्या वाढदिवसाला तेव्हा सालगिरा म्हणत. त्या दिवशी धाराशिवला बँड वाजायचा, झेंडे लागायचे आणि साहेबलोकांचा आमच्या संघाशी सामना व्हायचा. ह्या सामन्याचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. खात्याच्या बड्या साहेबांच्या काठीतला चेंडू काढून घ्यायचा नाही. साहेब चेंडू घेऊन आले, की बाजूला सरकायचं आणि "वा साहेब!" म्हणायचं. गोलात उभे असलेले आयुबमियाँ चेंडू डावीकडं आला की उजवीकडं उडी मारायचे. एका वर्षी तर साहेबांचा चेंडू गोलापर्यंत पोचेचना, तेव्हा आयुबमियाँनी तो पायानं हळूच आत ओढून घेतला होता. मला हे सगळं बघून संताप यायचा. पण माझं कोण ऐकतो?

सन एकोणीसशे त्रेचाळीसच्या सालगिऱ्याची गोष्ट. दोन दिवस आधी बड्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून विलायतेची कहाणी सांगितली. तिकडं म्हणे बर्फावर हॉकी खेळतात. बुटांना खाली धारदार लोखंडी पाती असतात आणि खेळाडू वाऱ्यासारखे घसरत जातात. "पट्टीचे खेळाडू दहादा पडतात," साहेब म्हणाले, "मी मात्र एकदाही पडलो नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खाजाभाईनं उभ्या जन्मात बर्फ एकदाच पाहिला होता. एका लग्नात सरबतासाठी सोलापूरहून भुशात गुंडाळून आणलेली लादी, तेवढाच. त्यानं संध्याकाळी ही कहाणी शिवप्पाला सांगितली. शिवप्पा म्हणाला, "बर्फावर कोण हुबा ऱ्हाईल रं? साहेब थापा मारतोय."

सामना सुरू झाला. सगळं धाराशिव कडेनं बसलेलं. साहेब चेंडू घेऊन निघाले. एक जण बाजूला झाला, दुसरा झाला, "वा साहेब!" झालं. मग साहेब आमच्यासमोर आले. चेंडू त्यांच्या काठीपासून हातभर पुढं पळत होता. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, खाजाभाईच्या मनात काही नव्हतं. आदल्या दिवशी आयुबमियाँनी त्याला दोनदा बजावलं होतं, त्यानंही दोनदा "जी" म्हटलं होतं. पण सात वर्षांचा असल्यापासून ठोके देणारं मनगट ते! चेंडू समोर आला आणि ते आपोआप वळलं. मीही वळले. चेंडू आमच्याकडं आला. साहेबांनी त्याच क्षणी दणक्यात काठी फिरवली, पण तिथं चेंडू होता कुठं? काठीबरोबर साहेब गर्रकन फिरले, मुरमावर बसले आणि बसल्या बसल्या चार हात घसरत गेले. टोपी एकीकडं, काठी एकीकडं.

आणि तेवढ्यात शिवप्पाचा आवाज घुमला, "अय्यय्यो साहेब! हितं बी बर्फ पडलाय व्हय?"

झालं! सगळं धाराशिव हसलं. बँडवाल्यांना वाजवता येईना. साहेबांच्या संघातलेसुद्धा दोघे पाठ फिरवून खांदे हलवू लागले. खाजाभाई एकटा हसला नाही. तो साहेबांची टोपी झटकत उभा होता.

दुसऱ्या दिवशी खाजाभाईची नोकरी गेली. पडण्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. तो वयानं उतरला, पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, असं सांगण्यात आलं. त्याचं वय सव्वीस होतं! तेव्हापासून मला जो राग आलाय, तो अजून गेलेला नाही. मला परत करायला तो कोठारात गेला, तर तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं तोंड फिरवलं. "घेऊन जा तिला," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसायची न्हाई." अशी मी जळकोटला आले.

पहिल्याच शुक्रवारी शिवप्पा तेलाची बाटली घेऊन दारात उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत होईना.

"खाजा, माजी जीभ झडली असती तर बरं झालं असतं रं," तो म्हणाला.

"सगळंच गाव हसलं. तू येकटाच न्हाय," खाजाभाई म्हणाला. "तेल ठिव तिथं आन् बस."

त्यानंतर पाच वर्षं शिवप्पाचा शुक्रवार कधी चुकला नाही. तेलाचा पैसा त्यानं घेतला नाही आणि सामन्याचा विषयही काढला नाही. खाजाभाई पुन्हा पिंजण घेऊन बसला. पण पहाटे कापूस सोडायच्या आधी तो अंगणात चिंध्यांचा चेंडू करून मला फिरवायचा. त्याला वाटे, साहेबांची बदली होईल, नवे साहेब येतील, बोलावणं येईल. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. एकदा पुन्हा मैदानात उतरायचं, एवढंच. आणि मलाही तेच हवं होतं. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. बोलावणं काही आलं नाही.

"यायचं असतं तर आलं असतं जी," फातिमाबी म्हणायची. "कापूस पडलाय तसाच." ती वाईट नव्हती, पण तिला माझी किंमत नव्हती. विहिरीत बादली पडली की माझ्या वळणानं काढायची. शेजारच्या बाया चिंचा पाडायला मला मागून न्यायच्या. एकदा तर माझ्यावर ओलं धोतर वाळत घातलेलं खाजाभाईनं पाहिलं आणि तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. मीही बोलले नाही. म्हणजे मला बोलता येत नाही, पण आलं असतं तरी बोलले नसते.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. त्याआधी वर्ष-दीड वर्ष निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावोगावी धुमाकूळ घातला होता. लोकांच्या मनात राग साचलेला होता आणि राग आंधळा असतो. ज्यांनी कधी कुणाचं वाळलं पान उचललं नाही, त्यांच्याही दारावर तो येऊ लागला. सप्टेंबरात सोलापूरच्या बाजूनं भारताची फौज आली. आमच्या घरासमोरूनच गाड्या धडधडत गेल्या. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. एक तुकडी जळकोटच्या माळावर तंबू ठोकून राहिली आणि घराघरात हत्यारं शोधू लागली. ज्या घरात निजामाच्या सरकारची वस्तू सापडते, त्या घरातला माणूस धरून नेतात, अशी आवई उठली. खरी का खोटी, कुणी विचारायला गेलं नाही.

तो गुरुवार होता. दुपारी फातिमाबी धापा टाकत बाहेरून आली आणि तिनं दाराला कडी घातली.

"अजी, त्या काठीवर शिक्का हाय त्यांचा," ती म्हणाली. "उद्या आपल्या आळीत येणार हायेत."

"ती हॉकी हाय. हत्यार न्हाय," खाजाभाई म्हणाला.

"त्यांना काय कळतंय? वाकडी काठी दिसली, वर उर्दू लिवलेलं दिसलं, बास! तुमाला नेलं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू? जाळा ती."

"जाळायची न्हाय."

तेवढ्यात शिवप्पा आला. तोही घाबरला होता. सोबत्याला कुणी नेलं तर, ह्या काळजीनं त्याचा चेहरा उतरला होता. तिघं मला मधे ठेवून बसले. शेवटी शिवप्पाच म्हणाला, "सगळी नको जाळायला. शिक्का हाय तेवढंच काढू. म्हंजे नुसती काठी ऱ्हाईल. काठीला कोण काय म्हनतंय?"

मित्रांनो, मी तुम्हाला विचारते. शिक्का घासता आला नसता का? सुतारानं चार वेळा रंधा फिरवला असता तर काम भागलं असतं! पण घाबरलेल्या माणसाला रंधा सुचत नाही, करवत सुचते. शिवप्पानं सुताराकडून करवत आणली. खाजाभाई म्हणाला, "दुसऱ्या कुणी हात लावू नका." त्यानं मला गुडघ्याखाली धरलं. त्याच्या मनगटाचा ठोका कधी चुकत नसे. त्या दिवशी करवत दोनदा घसरली.

माझं वळण कापून पडलं. फातिमाबीनं ते लगेच चुलीत सारलं. इतकी वर्षं जवसाचं तेल प्यायलेलं लाकूड ते, भुरकन पेटलं. त्याच्यावर तिनं चहा ठेवला, कारण चूल पेटलीच होती. तो चहा कुणीच प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, तुकडीतला हवालदार दोन शिपायांना घेऊन आमच्या दारात आला. उंच, पगडीवाला, दाढीवाला पंजाबी. माझ्या जन्मगावाकडचा माणूस! त्यानं पेटी उघडून पाहिली, कापसात हात घालून पाहिला आणि निघता निघता दारामागं मला पाहिलं. मला खाली काढून त्यानं दोऱ्यावरून अंगठा फिरवला. त्याचा चेहराच बदलला.

"अरे! ये तो हॉकी है!" तो म्हणाला. मग त्यानं माझा कापलेला शेंडा पाहिला. "किसने काटी? किस पापी ने काटी?"

खाजाभाई खाली बघत विस्कटलेला कापूस गोळा करू लागला. तेलाची बाटली घेऊन आलेला शिवप्पा दारात उभा होता, तोही खाली बघू लागला. हवालदार तिथंच खाटेवर बसला आणि मला मांडीवर घेऊन सांगू लागला. लंडनला नुकतीच मोठी स्पर्धा झाली, आपल्या मुलांनी तिथं गोऱ्यांना त्यांच्याच घरात चार गोलांनी हरवलं. त्याच्या तुकडीचाही संघ होता. रविवारी माळावर दुसऱ्या तुकडीशी सामना होता आणि त्यांचा एक गडी हिवतापानं पडला होता. "गाँव में कोई खेलनेवाला है?" त्यानं विचारलं. "ये किसकी थी?"

बोल, खाजाभाई, बोल! माझ्या लाकडाचा तंतू न् तंतू ओरडत होता. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली, ते बोलावणं घरात खाटेवर येऊन बसलंय!

"रस्त्यात सापडली साहेब," खाजाभाई म्हणाला. "गाद्या झोडायला वापरतो. खेळणारं हितं कुणी न्हाय."

शिवप्पानं तोंड उघडलं. खाजाभाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. बघा आता! ज्या दिवशी गप्प बसायचं, त्या दिवशी हा बोंबलला, आणि ज्या दिवशी बोलायचं, त्या दिवशी गप्प! अशा माणसांशी माझी गाठ पडली होती.

रविवारी खाजाभाईला घरात बसवेना. मला काठीसारखी हातात घेऊन तो माळावर गेला आणि लोकांच्या मागं उभा राहिला. शिवप्पा शेजारी. सगळं जळकोट लोटलं होतं. बायाही बाभळीखाली उभ्या होत्या. इथं कुणी साहेब नव्हता आणि कुणी "वा साहेब" म्हणत नव्हतं. हवालदाराच्या संघात दहाच गडी. पहिल्याच भागात त्यांच्यावर तीन गोल झाले. खाजाभाईची मूठ माझ्यावर सारखी आवळत होती.

आणि मग एक चेंडू बाहेर सुटला. लोक दचकून बाजूला झाले आणि तो थेट आमच्याकडं आला. सुसाट, त्या पहिल्या दिवसासारखा. खाजाभाई वाकला, मनगट वळलं, त्यानं मला जमिनीवर टेकवलं, बरोबर त्या जागी, बरोबर त्या क्षणी. पण तिथं माझं वळण नव्हतं. चेंडू माझ्या शेंड्याजवळून निघून गेला. वीतभर, मित्रांनो, फक्त वीतभर मी कमी पडले. लोक खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "पिंजाऱ्या, गादी न्हाय ती!"

हवालदार हसला नाही. तो खाजाभाईच्या हाताकडं बघत होता.

तेव्हा शिवप्पाचा बांध फुटला. "हसू नका रं!" तो असा गरजला, की पलीकडं तंबूंजवळ बांधलेले घोडे बुजले. "साहेब, तुमी इचारलं न्हवं, कुणाची हाय ती? ह्याची हाय! हिनंच खेळायचा ह्यो! म्या येकदा तोंड उघडलं आन् ह्याची नोकरी घालवली, परवा मिटलं आन् पुन्ना घालवत हुतो. आता काय व्हायचं ते हू द्या!"

खाजाभाई जागचा हलला नाही. हवालदार चालत आला आणि त्यानं आजारी गड्याची स्टिक त्याच्यापुढं धरली. नवी, चकचकीत, खाली पूर्ण वळण असलेली. खाजाभाईनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग मला शिवप्पाच्या हातात दिलं.

चपला काढून तो मैदानात उतरला. त्या परक्या स्टिकला त्यानं कपाळाला लावलं आणि बिस्मिल्ला म्हटलं. आणि तो खेळला! अरे, काय खेळला! पाच वर्षं नुसता कापूस पिंजलेला माणूस, पण चेंडू त्याच्यापुढं तसाच कोकरासारखा चालला. दोन गोल त्यानं मारले. संघ तीन-दोननं हरला, पण लोक हरल्याचं विसरून नाचत होते. शिवप्पा मलाच वर उंचावून रडत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण ज्यासाठी पाच वर्षं थांबले, ते घडलं आणि मी कडेला एका दुकानदाराच्या घामेजलेल्या हातात होते. तो खेळला, पण माझ्याशिवाय. हे मला सोसवलं नाही, अजूनही सोसवत नाही.

बाभळीखाली फातिमाबी उभी होती. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती आणि तिनं नवऱ्याला खेळताना पहिल्यांदाच पाहिलं होतं. "या अल्ला," ती म्हणाली, "असं खेळत हुते व्हय?" मग ती पदरानं तोंड झाकून घाईनं घरी गेली.

हवालदारानं खाजाभाईच्या पाठीवर थाप मारली आणि वर बोलून बघतो म्हणाला. बुधवारी तुकडीला हुकूम आला, तंबू उठले आणि ते सगळे निघून गेले. नवी स्टिक अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. वर कुणाशी बोलणं झालं का नाही, देव जाणे. पत्र आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी शिवप्पानं तेल आणलं. ह्या वेळी फातिमाबीनं बाटली घेतली आणि मला मांडीवर घेऊन स्वतः तेल चोळलं, वरपासून खालपर्यंत. कापल्या जागी तिची बोटं आली आणि थांबली. "म्या चा ठेवला हुता त्याच्यावर," ती म्हणाली. खाजाभाई म्हणाला, "जाऊ दे. भीती हुती." तिला माफ करायचं का नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. पण तेव्हापासून तिनं चिंचा पाडायला मला कुणाला दिलं नाही.

तर अशी मी, गाद्या झोडणारी. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना तेल लावा, पुसून ठेवा, असं मी सांगायला हवं. पण मला तेल कधी कमी पडलं नाही, मित्रांनो. मला कमी पडला एक दिवस. गुरुवारी करवत आली आणि शुक्रवारी हवालदार आला. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. घाबरलात तर दाराला कडी घाला, सोबत्याला बोलवा, रात्रभर जागे राहा. पण ज्या वस्तूवर कुणाचा जीव आहे, ती तोडायच्या आधी एक दिवस थांबा.

कधी कधी गादी झोडताना कापसाचा एखादा गोळा निसटतो आणि जमिनीवरून घरंगळत जातो. खाजाभाईचं मनगट अजूनही आपोआप वळतं. त्याच्याबरोबर मीही वळते, त्याला अडवायला. आणि दर वेळी वीतभर कमी पडते.